भाव कळला, कापडाचं काय?

कापडचोपड : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

दिवाळी अंकात सणाच्या पेहरावावर आठ पानं होती. त्यांत दीड लाखाची पैठणी, पावणेतीन लाखांची हँडबॅग आणि चाळीस हजारांच्या चपला होत्या. त्या पानांवर आलेल्या पत्रांत रागाची पत्रं जास्त आहेत. त्यातली काही पत्रं आणि त्यांना धरून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरी चार यंत्रमाग आहेत. दोन दिवाळीपासून बंद, उरलेले दोन एकाच पाळीत चालतात. सुताचा भाव चढा आणि कापडाला उठाव नाही. अशात तुमचा अंक उघडला तर पावणेतीन लाखांची हँडबॅग. आमचे चारही माग भंगारात घातले तरी तेवढे पैसे उभे राहायचे नाहीत. ही पानं तुम्ही कुणासाठी छापता? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे. ती आठ पानं आम्ही पुन्हा वाचली. बॅग कुठल्या चामड्याची, तिचं अस्तर कशाचं, कडी तुटली तर दुरुस्त कोण करणार, यातलं काहीच तिथे नाही. पैठणीच्या खाली दुकानाचं नाव आहे, पण जरीचा प्रकार कोणता, पदर किती इंचांचा, विणली कुणी, हे नाही. वाचकाच्या हाती लागला तो नुसता आकडा. चार पैसे गाठीला असताना असा आकडा नजरेआड होतो, ओढगस्तीत तो टोचतो.

चूक जुनीच आहे. 'व्होग' या फॅशन मासिकाच्या भारतीय आवृत्तीने ऑगस्ट २००८च्या अंकात गरीब माणसांच्या हाती महागड्या वस्तू देऊन फोटो छापले होते. एका बाळाच्या गळ्यात सुमारे १०० डॉलरचं लाळेरं, अनवाणी माणसाच्या हातात सुमारे २०० डॉलरची छत्री, मोटरसायकलवरच्या बाईकडे १० हजार डॉलरांच्या वरची बॅग. वस्तूंच्या कंपन्यांची नावं फोटोखाली होती आणि माणसं मात्र नुसती 'बाई' आणि 'माणूस'. त्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्या पानांवर विणकराचं नाव नव्हतं, म्हणजे आम्हीही त्याच वाटेला लागलो होतो.

अडचणीच्या काळात फॅशनची पानं बंदच ठेवावीत, असं मात्र आम्हाला वाटत नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. माणशी वर्षाला ६६ कुपनं मिळत. बाईच्या अस्तराच्या लोकरी कोटाला १४ कुपनं जायची, लोकरी फ्रॉकला ११, सुती फ्रॉकला ७, बुटांना ५. पुढच्या वर्षी कुपनं आणखी घटली. तेव्हा तिथल्या 'व्होग'च्या संपादक ऑड्री विदर्स होत्या. सरकारने कापड, बटणं आणि चुण्या यांवर मर्यादा घालून जे साधे 'युटिलिटी' कपडे काढले, ते त्यांच्या मासिकाने छापले. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या बायकांचे केस यंत्रात अडकू नयेत म्हणून आखूड केसांची वळणंही दाखवली. त्या दिवसांत बाईला जे ठरवावं लागत होतं, ते त्या पानांत होतं.

पुढच्या अंकापासून या पानांवरच्या प्रत्येक कपड्याखाली पाच गोष्टी छापू : करासह पूर्ण किंमत, कापडाचा धागा, धुण्याची रीत, शिवणीत सोडलेली माया, म्हणजे आत दाबलेलं जादा कापड, आणि विणणाऱ्याचं किंवा शिवणाऱ्याचं नाव.

यातली पहिली गोष्ट बारकाईने पाहा. २२ सप्टेंबर २०२५पासून तयार कपड्याच्या एका नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि नग त्याहून महाग असेल तर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानातल्या छापील किमतीत कर धरलेला असतो. मासिकात आणि डिझायनरच्या पत्रकात मात्र अनेकदा 'कर अधिक' असं बारीक अक्षरात असतं. २,५०० रुपयांचा कुर्ता करासह २,६२५ला पडतो, २,६०० रुपयांचा ३,०६८ला. मूळ किमतीत फरक १०० रुपयांचा आणि खिशातून जातात ४४३ रुपये जास्त.

दुसरा हिशेब नेसणीचा. समजा, साडी १८,००० रुपयांची. फॉल-पिकोचे २००, अस्तराच्या ब्लाऊजचे १,३०० आणि पाच वर्षांत तीनदा ड्रायक्लीनचे १,५००. झाले २१,०००. पाच वर्षांत सहा वेळा नेसली तर एक नेसणी ३,५०० रुपयांना पडली. तेच २,४०० रुपयांची सुती इरकल घ्या. फॉल-पिकोचे २०० आणि साध्या ब्लाऊजचे ६०० धरून ३,२०० होतात. घरी धुऊन चाळीस वेळा नेसली की नेसणी ८० रुपयांना. महागडी साडी घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. आई, मुलगी आणि सून अशा तिघी जणी तीच साडी नेसणार असतील तर हिशेब पार बदलतो. पण घेण्याआधी कागदावर मांडावा. फॉल-पिको, ब्लाऊज आणि ड्रायक्लीन हे तीन खर्च साडीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसतात, म्हणून ते हमखास निसटतात.

प्रश्न : मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. पैठणीसाठी जास्तीत जास्त १२,००० रुपये काढता येतील. दिवाळी अंकातली दीड लाखाची पाहून मुलगी गप्प झाली. एवढ्या पैशांत खरी पैठणी येते का? दुकानदार 'सेमी' घ्या म्हणतो. फसवणूक कशी ओळखावी? – एक आई, सिन्नर

उत्तर : पैठणीचे पैसे नेमके कशाला पडतात, ते आधी पाहू. पदराची लांबी, त्यातलं नक्षीकाम, काठाची रुंदी, अंगावरच्या बुट्ट्या आणि जर. दीड लाखाच्या साडीत पदर भरगच्च असतो, अंगभर बुट्टे असतात आणि विणकराचे कित्येक महिने त्यात गेलेले असतात. अंग साधं, काठ अरुंद आणि पदर आखूड ठेवला की मागावरचे दिवस घटतात आणि किंमत उतरते. येवल्यात विणकर आखूड पदराला 'सिंगल पल्लू' आणि लांब पदराला 'डबल पल्लू' म्हणतात. तुम्ही सरळ सांगा : सिंगल पल्लू, मुनिया (पोपटांच्या नक्षीचा) काठ, अंग प्लेन किंवा अगदी विरळ बुट्टी. नवरीच्या अंगावर काठ-पदरच उठून दिसतो. अंगावरची बुट्टी निऱ्यांत दडते, तेव्हा काटछाट करायची तर तिथेच करावी.

तुम्ही सिन्नरच्या, येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे. एक दिवस काढून जा आणि माग चालू असलेल्या घरी बसून पाहा. लग्नसराईच्या ऐन गर्दीत जाऊ नका, निवडीला वाव राहत नाही.

आता ओळख. पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या काडीवरून, त्या-त्या जागेपुरता विणलेला असतो आणि शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. त्यामुळे मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. सेमी पैठणी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उमटवणाऱ्या यंत्रावर विणतात. तिच्यात धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. नक्षी जिथे नाही तिथे तो मागे लोंबतो, किंवा मागून कापून टाकलेला असतो. मोराच्या पाठीमागे बोट फिरवा. बांगडी किंवा नख अडकेल असे मोकळे धागे लागले, कापलेल्या टोकांची खरखर लागली किंवा मागे जाळी शिवलेली दिसली, तर ती सेमी. पाहायची दुसरी जागा म्हणजे काठ आणि अंग यांचा सांधा. हातमागावर काठाचा आडवा धागा वेगळा आणि अंगाचा वेगळा असतो, आणि दोन्ही त्या रेषेवर एकमेकांत गुंतवलेले असतात. उजेडात धरलं की ती रेषा स्पष्ट दिसते.

रेशमासाठी पदराच्या गोंड्यातला एक धागा दुकानदाराला विचारून जाळून पाहा. रेशीम हळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) दोन्ही तपासा, कारण एक रेशमी आणि दुसरा पॉलिस्टरचा असला तर एकाच धाग्यावरून ते कळणार नाही.

लेबलांच्या बाबतीत बहुतेकांचा एक घोटाळा होतो. 'सिल्क मार्क' फक्त कापड शुद्ध रेशमाचं आहे, एवढंच सांगतो. ते हातावर विणलंय का, यावर तो काही बोलत नाही. त्यासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा आहे. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलं म्हणून आतली प्रत्येक साडी त्यातली ठरत नाही.

जर तीन तऱ्हेची असते. खरी जर चांदीच्या तारेची, वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो. तिसरी प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची. १२,००० रुपयांत खऱ्या जरीची अपेक्षा ठेवू नका आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. टेस्टेड जर नीट ठेवली तर पुष्कळ वर्षं चांगली राहते. ती काळी पडते घामाने, अत्तराने आणि ओल्या घडीने. प्लास्टिकची जर काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीखाली आक्रसते आणि काठाला चुण्या पडतात.

पसंत पडली की पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या : हातमाग की यंत्रमाग, रेशीम शुद्ध की मिश्र, जर कुठली, आणि किंमत करासह. दुकानदार यातलं काही लिहायला तयार नसेल तर साडी खाली ठेवा. सेमी पैठणी 'सेमी' म्हणून, त्याच भावात विकली तर त्यात फसवणूक नाही. पण हातमागाच्या भावात सेमी घेऊ नका. रेशमी हातमाग बजेटबाहेर जात असेल तर हातावर विणलेली सुती पैठणीही मिळते. काठ-पदर तोच, वजन हलकं, आणि मुलगी ती लग्नानंतर चार ठिकाणी नेसेल.

ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटर येतो. लांब बाह्या हव्या असतील तर तो पुरत नाही, हे साडी घेतानाच लक्षात घ्या. शिवताना दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आणि मुंढ्याला अर्धा इंच माया ठेवायला सांगा. काही टेलर फिनिशिंगसाठी माया कापून ओव्हरलॉक मारतात, म्हणून हे मापाच्या चिठ्ठीवरच लिहून घ्यावं. साडी टिकते पण ब्लाऊज दोन वर्षांत आखडतं, आणि त्याच रंगाचं कापड पुन्हा मिळत नाही. फॉलची पट्टी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा. कोरी लावली तर पहिल्या धुण्यात आटते आणि काठ ओढून धरते.

लग्नानंतर साडी हँगरला लटकवू नका. पदराच्या वजनाने घडीवर ताण येतो. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, दर तीन महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. पुरचुंडीत लवंगा बांधून बाजूला ठेवल्या तरी चालतं.

प्रश्न : प्राडा कंपनीची कोल्हापुरी म्हणे ८०० युरोंना. सगळीकडे त्याच्याच बातम्या. आमची साधी कोल्हापुरी एका पावसाळ्यात का जाते, हे कुणी सांगत नाही. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : बातमीतलं खरं ते आधी सांगतो. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं 'चामड्याच्या सँडल' म्हटलं. महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे इकडून जोरदार हरकत आली. मग कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि सुमारे ८०० युरोंच्या २,००० जोड्या इथेच बनवून घेण्याचं जाहीर झालं. ८०० युरो म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. कारागिराचं नाव निघालं ते लोक बोलले म्हणून. त्या बातम्यांची एवढी किंमत आहे, आणि ती आम्ही कमी लेखत नाही.

आता पावसाळा. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. ते पाणी पितं. तळ फुगतो, ज्या चामड्याच्या वादीने तो शिवलेला असतो ती सैल पडते आणि थर सुटायला लागतात. मग आपण चप्पल उन्हात टाकतो आणि तिथेच ती मरते. उन्हात चामड्यातलं तेल जातं, ते कडक होऊन तडकतं. म्हणून जून ते सप्टेंबर ती वापरूच नये. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपा, पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. पूर्ण सुकल्यावर एरंडेल किंवा खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब फडक्यावर घेऊन पट्टा, दोन्ही बाजूंचे कान आणि अंगठ्याची वादी यांना चोळा. जास्त तेल ओतलं तर धूळ चिकटते आणि तळ निसरडा होतो.

नवी चप्पल अंगठ्याला चावते. आदल्या रात्री आतून तेल लावा आणि पहिले चार दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला. घेताना बेताची घट्ट घ्या, कारण चामडं पायाप्रमाणे सैल होतं. कडेला वादीची शिलाई दिसली पाहिजे. फक्त चिकटवलेली आणि खिळे मारलेली असेल तर घेऊ नका. तळ झिजण्याआधीच खाली रबराचा पातळ सोल शिवून घ्या. खिळ्याने मारला तर खिळा गंजून चामडं कुजवतो.

प्रश्न : आजीची रेशमी नऊवारी आहे. मासिकांत जुन्या साड्यांचे सुंदर ड्रेस दाखवतात. शिवून घेतला आणि दुसऱ्यांदा घालताना पाठीवर चिरला. असं का होतं? आईचीही एक आहे, ती वाचवायची आहे. – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : फोटोसाठी ड्रेस एकदाच घातला जातो, मागे पिना लावून. त्याला हात वर करायचे नसतात, रिक्षात चढायचं नसतं. अंगाबरोबर बसणाऱ्या शिवणीत सगळा ताण शिवणीच्या रेषेवर येतो आणि जुनं रेशीम सुईच्या छिद्रांवरून तिकिटासारखं फाटतं.

आईच्या साडीला कात्री लावण्याआधी ती उजेडात धरा. घड्यांच्या रेषा, टाचेजवळचा काठ आणि खांद्यावर पिन लागते ती जागा आधी विरते. दोन्ही अंगठ्यांमध्ये दोन इंच कापड धरून आधी उभं, मग आडवं हलकेच ताणा. तर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली, तर त्या भागाचा कपडा शिवू नका. तिथे फक्त काठ उपयोगी. काठाला लागून एक इंच अंगाचं कापड ठेवून कापा आणि नव्या सुती-रेशमी कापडावर बसवा.

कापड दमदार असेल तर कापायच्या आधी ड्रायक्लीन करा, जुने डाग तेव्हाच वर येतात. अस्तराला मलमल घ्या, ती एकदा धुऊन आटवून. छातीच्या मापावर तीन ते चार इंच सैल ठेवा. सुई ११ नंबरची. १६ची जाड सुई रेशमाचे धागे तोडते. आणि काठ घेराला हवा असेल तर कापड आडवं घ्यावं लागतं. साडीचा पन्हा ४५-४६ इंच असतो, त्यामुळे खांद्याची माया सोडून ४४ इंचांपेक्षा लांब कुर्ता त्यातून निघत नाही. शिवलेलं उसवून पुन्हा शिवायचं टाळा. रेशमावरची टाक्यांची छिद्रं सहसा बुजत नाहीत.

प्रश्न : भावाच्या लग्नासाठी शेरवानी भाड्याने घ्यायची आहे. काय पाहावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : अनामत रक्कम आणि ती परत मिळण्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. नेताना दुकानातच काखेचं अस्तर, गळपट्टी, बटणं आणि पायजम्याची नाडी पाहा. डाग किंवा उसवण असेल तर दुकानदारासमोर फोटो काढा, नाहीतर ते तुमच्या अनामतीतून वळते होतात. कपडा लग्नाच्या दोन दिवस आधी ताब्यात घ्या. आदल्या रात्री मिळाला आणि बाही आखूड निघाली, तर टेलर मिळत नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर एक ताई रोज नवी साडी दाखवून 'माझी आवडती' म्हणतात. ती जाहिरात असते का? मी दोनदा घेतली, दोन्हींचा रंग गेला. – एक वाचक, वसई

उत्तर : पैसे, फुकट साडी किंवा कमिशन घेतलं असेल तर ती जाहिरातच. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये याचे नियम दिले आहेत : 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं ठळक, चटकन दिसेल असं लिहिलं पाहिजे. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट, बिल आणि साडीचे फोटो आधी जमवून ठेवा.

पुढची साडी घरी आली की पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग ओलं पांढरं फडकं आतल्या टोकावर, म्हणजे कमरेला खोचतो त्या बाजूला, दहा सेकंद घासा. फडक्याला रंग लागला तर फॉल लावायच्या आत परत पाठवा. फॉल लागल्यावर सहसा कुणी परत घेत नाही.